रात्री पाहू नयेत अशा मालिका

डोंबिवली, रविवार

चि. मिनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवताना तू नुसतं "बरं" म्हणालीस. टेलिफोन खात्यात जन्म गेला माझा. कोण कसं "बरं" म्हणतंय यावरून पलीकडे काय चाललंय ते मला कळतं. म्हणून आज परत फोन केला नाही. मयूर गुरुवारी बंगळूरला येतोय, त्याच्याबरोबर मेतकूट आणि आमसुलं पाठवतेय, त्याच पिशवीत हे पत्र आहे. (दुपटी शिवून तयार आहेत, पण ती आत्ता पाठवत नाही. आजी असत्या तर ओरडल्या असत्या.) फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होईल.

आधी ते "आई, पाळत ठेवतेस का" म्हणालीस त्याचं. मी पाळत ठेवत नाही. मालिका बघायचं खातं आपल्या सगळ्यांचं एकच आहे, अमेयने तसं करून दिलंय. प्रत्येकाचं चित्र वेगळं असलं तरी तुझं पहिलं येतं, आणि बाबा नेहमी पहिलंच दाबतात. ते दाबलं की 'पाहणे सुरू ठेवा' म्हणून ओळ येते. त्यात ती इंग्रजी इस्पितळाची मालिका होती. परवा झोपायच्या आधी तिसरा भाग अर्धा होता. काल सकाळी चहा घेऊन बसलो तर सातवा सुरू झालेला. मध्ये फक्त रात्र होती, मिनू. हिशेब करायला मला कुणाची पाळत नको.

मग मी त्यातला एक भाग लावून बघितला. पहिल्या पाच मिनिटांत ती बाई, ते स्ट्रेचर, ते टूं टूं करणारं यंत्र. बाबा काही न बोलता उठून बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालायला गेले. पाणी सकाळीच घातलं होतं.

आता त्यावर मी पुढे काही लिहिणार नाही. हे पत्र मालिकांबद्दल आहे. मागच्या महिन्यात तूच विचारलं होतंस, "आई, पडून पडून काय बघू, तुमच्या वेळचं काही सांग ना." तेव्हा मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला होता. आज नीट सांगते. आणि बीपीचं नाव काढणार नाही असं बाबांना कबूल केलंय.

तर आमच्या वेळचं. पण आमच्या वेळचं म्हणजे माझ्या बाबतीत बरंचसं ऐकलेलंच आहे. तुला तो जुना ब्लॉक आठवत नसेल फारसा. बाहेरच्या खोलीत टीव्ही, आतल्या खोलीत मी, पलंगाच्या पायथ्याकडच्या खुरांखाली विटा लावलेल्या. तेव्हा पोटुशीला डॉक्टर पडून राहा म्हणाले की पडूनच राहायचं. आता तसं देत नाहीत, नुसतं पडून राहिलं तर उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते, जड उचलायचं नाही, दगदग करायची नाही एवढंच, हे सगळं तू मला समजावलंस आणि मला ते पटलंही. मी फक्त माझं सांगतेय.

रामायण १९८७च्या जानेवारीत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी जुलै संपेपर्यंत चाललं. रविवारी सकाळी साडेनऊच्या आत मजल्यावरच्या सगळ्या चपला आपल्या दारात. आमच्याकडे रंगीत होता ना. लीलाकाकू पोळ्यांची कणीक मळता मळता परात घेऊनच यायच्या. मला आत नुसता आवाज. रवींद्र जैन गायला लागले की घर चिडीचूप. मध्येच आजी मोठ्यांदा सांगायच्या, खास माझ्यासाठी, "अगं, कौसल्या म्हणजे आपली जयश्री गडकर! आणि दशरथ झालाय तो बाळ धुरी, तिचा खरा नवरा!" भरताचं काम संजय जोगचं होतं. तो पडद्यावर आला की आजींना आपल्याच घरातला कुणी आल्यासारखं वाटायचं. "आपलाच आहे हो," असं त्या सगळ्यांना सांगत, जणू बाकीचे परप्रांतातून आले होते.

त्या खेपेला रामायण संपायच्या आतच सगळं संपलं. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही, आताही नको.

महाभारत १९८८च्या गांधी जयंतीला सुरू झालं आणि १९९०च्या जूनपर्यंत चाललं, त्यामुळे तुझ्या वेळी युद्ध जोरात होतं. आजींचं म्हणणं, महाभारताची पोथी घरात ठेवत नाहीत, घरात भांडणं लागतात, आणि पोटुशी बाई असताना तर नकोच नको. पण त्यांना स्वतःला ते बघायचं होतं. मग तोडगा काय, तर आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचं आणि त्याला स्टूल टेकवायचं. त्या दारातून आवाज तर येतच होता. "मैं समय हूँ," हरीश भिमानींचा तो आवाज. माझ्या खात्यात आवाजाची पारख असणाऱ्या पुष्कळ जणी होत्या, पण असा आवाज आम्हाला लाइनवर कधी भेटला नाही. बाहेर भीष्म शरपंजरी, आत मी विटांवर. आम्हा दोघांनाही कूस बदलायची परवानगी नव्हती.

चक्रव्यूहाच्या भागाला मी मुद्दाम टक्क जागी राहिले. सुभद्रेला झोप लागली म्हणून अभिमन्यूला बाहेर पडायची युक्ती कळली नाही ना? मी म्हटलं, आपल्याकडून तरी निष्काळजीपणा नको. तू दहावीत गणिताला अडलीस की बाबा म्हणायचे, "हिची आई त्या दिवशी जाहिरातीत झोपली असणार."

आणि गंमत ऐक. लॉकडाऊनमध्ये, २०२०च्या मार्च अखेरीला, दूरदर्शनने रामायण परत लावलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. महाभारत डीडी भारतीवर दुपारी बारा आणि संध्याकाळी सात. तेव्हा मी हे सगळं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं! बाण हवेत एकमेकांना भिडून नुसत्या ठिणग्या उडतात गं. ऐकताना मला जी लंका दिसली होती तिच्या पासंगालाही ती पुरली नाही. आणि समय तर दिसतच नाही मुळी, एक चक्र फिरत राहतं फक्त. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो बाहेर बसलेल्यांना दिसतो, मलाच दिसत नाही. हे बाबांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि ते दिवस ठसका लागायचे नव्हते.

पण तुला ही दोन्ही नकोत आत्ता. फार लांब आहेत, आणि महाभारतात कुणाच्याच आईचं धड होत नाही.

तुला कशी मालिका हवी ते मी ठरवलंय. भाग त्या त्या दिवशी संपला पाहिजे. एका कुशीवर वळून डोळे मिटले तरी नुसत्या आवाजावर कळली पाहिजे. डाव्या कुशीवर, मिनू. आणि शेवटी कुणी दार उघडतंय, तेवढ्यात संगीत वाजतंय, असं काही नको. तुमच्याकडे ते काही सेकंदांत पुढचा भाग आपोआप सुरू करतं. आम्हाला आठवडाभर थांबायला लागायचं. तेवढ्यात राग निवायचा, उत्सुकता निवायची, कपड्यांना इस्त्री व्हायची. माणसाला झोप येण्यासाठी गोष्ट कुठेतरी थांबावी लागते. ते आपोआपचं बटण बंद करता येतं म्हणे. मयूरला करून द्यायला सांगितलंय. तो तुझा लॅपटॉप मागेल, दे.

पहिली, मालगुडी डेज. १९८६ची. शंकर नागने केलेली, आणि शूटिंग आगुंब्याला, म्हणजे तुमच्याच कर्नाटकात. बहुतेक भागांत एक गोष्ट सुरू होते आणि त्याच भागात संपते. कुणी फार मोठं होत नाही, कुणी फार खाली पडत नाही. स्वामीचे वडील झालेत ते गिरीश कार्नाड, त्यांची ती नजर बघ, बोलायचीसुद्धा गरज नाही. सुरुवातीची ती धून लागली की अमेय आणि तू, दोघं... नाही, तू नव्हतीस तेव्हा. तुम्ही पुढे पुनःप्रसारण पाहिलंत. माझ्या डोक्यात सगळं एकत्र होतं.

दुसरी, ये जो है जिंदगी. १९८४. सतीश शाह प्रत्येक भागात निराळा माणूस होऊन येतो. मी आणि बाबा लग्नानंतर पहिल्यांदा एकमेकांसमोर मोठ्याने हसलो ते या मालिकेला. त्याआधी मी पदर तोंडाशी धरून हसायचे. हसल्याने पोटावर ताण येतो का, हे तेवढं डॉक्टरांना विचारून घे. ओंकारला विचारायला सांग, तू विचारणार नाहीस.

रहस्य हवंच असेल तर ब्योमकेश बक्षी बघ, १९९३ची, बासू चॅटर्जींची. खून होतात, पण कुणी किंचाळत नाही. रजित कपूर खुर्चीत बसून विचार करतो आणि आपल्यालाही विचार करायला वेळ देतो. त्यातली सत्यवती म्हणजे सुकन्या कुलकर्णी. हीच पुढे १९९९मध्ये आभाळमायाची सुधा झाली. आभाळमाया मात्र बघू नकोस आत्ता. फार चांगली आहे, म्हणूनच नको. सुधा सगळ्यांचं करते, कॉलेज सांभाळते, मुली सांभाळते, आणि नवऱ्याचं ते प्रकरण आतल्या आत गिळत राहते. तेव्हा बायका बसस्टॉपवर सुधाबद्दल शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलायच्या. मला ती आवडायची. आता वाटतं, तिने एकदा तरी थाळी आपटायला हवी होती. शीर्षकगीत ऐक हवं तर. देवकी पंडित गायल्यात, चाल अशोक पत्कींची. ते झोपताना चालेल.

मी तुला गप्प राहून सहन करायला शिकवलंय का गं? असं मला मधूनच वाटतं. वार (तुम्ही प्लॅसेंटा म्हणता ती) खाली आहे हे मला ओंकारने सांगितलं, तू नाहीस. आणि तेही पंधरा दिवसांनी. त्याच्यावर रागावू नकोस, माझा आवाज ऐकून तो बिचारा बोलून गेला. विसाव्या आठवड्याला वार खाली दिसली तरी गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वर सरकते, हे मला आता माहीत आहे. मी इथल्या डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारून आले. त्याही म्हणाल्या, बत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बघायचं, तोवर शांत राहायचं. बाई शांत राहा म्हणाल्या ते तुला की मला, ते विचारायचं राहिलं.

बघ, मी बीपीबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं, आणि लिहिलेलं नाही.

तू लहानपणी काय करायचीस आठवतं? सात वाजता प्रदीप भिडे बातम्या सांगायला आले की तू टीव्हीशेजारी स्टुलावर उभी राहायचीस, तेच ते दाराला टेकवायचं स्टूल, आणि ते संपले की तुझं बातमीपत्र सुरू. "नमस्कार. आजच्या ठळक बातम्या. दादाने दप्तरात डबा सांडला. आजींनी चोरून साखर खाल्ली. आई नाइट ड्यूटीला जाणार असून बाबा खिचडी करणार आहेत." एकदा पाहुण्यांदेखत तू बाबांच्या कर्जाची बातमी दिलीस. काय करावं ते कुणाला सुचेना. मी तुला रागावले नाही, मला आठवतंय, कारण तुझा उच्चार इतका स्वच्छ होता. "कर्जाचा हप्ता थकला असून" असं म्हणालीस, त्यातला "असून" अगदी भिड्यांचा.

परवा तुझ्या कंपनीचा तो व्हिडिओ अमेयने दाखवला. स्टेजवर तू, मागे हा एवढा पडदा, आणि समोर परदेशी माणसं ऐकतायत. काय बोलत होतीस ते मला आणि बाबांना ओ का ठो कळलं नाही. आम्ही चार वेळा बघितला. लीलाकाकूंना दाखवला. वाण्याला दाखवायचा बाबांचा विचार होता, मी थांबवलं. मग थोड्या वेळाने मीच दाखवला.

मला एवढंच कळत नाही की जी मुलगी घरातली एक बातमी पोटात ठेवायची नाही तिला आता काय झालं. रात्री का जागतेस? पाय दुखतात? पित्त होतं? की भीती वाटते? भीती वाटत असेल तर ती इस्पितळाची मालिका बघून जाणार आहे का? तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. "आई, सगळं वाईट आधीच बघून ठेवलं की भीती वाटत नाही." मी हे करून बघितलंय, माझ्याकडे मालिका नव्हती एवढंच, मी छताकडे बघत ते करायचे. रात्री दोनला माणसाला जे सुचतं ते सकाळी सातला खोटं निघतं. आमच्या एक्स्चेंजमध्ये रात्रीचे ट्रंक कॉल यायचे ना, लोक बहुतेक वेळा वाईट बातमीसाठीच लावायचे, पण कितीतरी कॉल नुसतेच "सगळं ठीक आहे ना" एवढं विचारायला असायचे. आम्ही ते जोडून द्यायचो आणि तीन मिनिटं झाली की सांगायचो. काही वेळा नाही सांगायचो.

म्हणून सांगते, जाग आली तर मला फोन कर. मी उठलेलीच असते, नाइट ड्यूटीची सवय अंगातून गेलेली नाही. आणि मोबाइल उशाशी घेऊन, अंधारात, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर... नाही, हे राहू दे. लेक्चर झालं. बाबा नेहमी म्हणतात, तू रिटायर झालीस पण तुझं "नंबर प्लीज" झालं नाही. तू पस्तिशीची आहेस, एवढ्या लोकांचं काम बघतेस, तुला झोपेचं मी काय सांगू. माफ कर. पण कर फोन.

यादीत प्रपंच राहिली. प्रतिमा कुलकर्णींची, १९९९ची. मोठं एकत्र कुटुंब आणि सगळे सारखे बोलतात. घरात एकटी असलीस की ही लाव, बघायलाच पाहिजे असं नाही, लावून ठेव. तुझं ते सगळं बंद खिडक्यांचं घर, ओंकार ऑफिसला गेला की दिवसभर माणसाचा आवाज नाही, मला ते आवडत नाही. दामिनी आठवते? दुपारी मी रात्रपाळीची झोप काढायचे आणि आजी मुद्दाम आवाज मोठा ठेवायच्या. प्रतीक्षा लोणकरचा आवाज ऐकत मी झोपायचे, खडबडीत झोप, पण झोप. घरात कुणीतरी बोलतंय म्हटलं की बरं वाटतं.

शक्तिमान तुम्हाला पोटात असलेल्याला दाखवायचा आहे असं ओंकार म्हणाला, हे खरं का? अमेयने गोल फिरून कपाटाचं दार तोडलं आणि नंतर "सॉरी शक्तिमान" म्हणून मोकळा झाला, ते त्याला सांग. मुकेश खन्ना भीष्म झाला होता तेच मला बरं वाटत होतं.

श्रीयुत गंगाधर टिपरे मात्र एकटीने सुरू करू नकोस. ती मी आल्यावर. २००१ला लागायची तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. शिऱ्याचं काही झालं की अमेयकडे बघायचीस आणि शलाकाचं काही झालं की उशीत तोंड खुपसायचीस. दिलीप प्रभावळकरांना मी माझ्या लग्नाआधी चिमणराव म्हणून बघितलं होतं, मुंबई दूरदर्शनवर, काळ्यापांढऱ्यात, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तोच माणूस आबा होऊन आला तेव्हा मी घरात सांगत सुटले की हे चिमणरावच आहेत, आणि आजी मानायलाच तयार नाहीत. "काहीतरीच, हे म्हातारे आहेत."

हो, मी येणार आहे. तू नको म्हणालीस ते ऐकलं मी. तुझ्या सासूबाई आठव्या महिन्यात येणार आहेत, तेही माहीत आहे, त्यांच्या आधी मी जाईन परत, त्यांना अवघड वाटायला नको. उद्यान एक्स्प्रेसची तिकिटं काढलीयेत, कल्याणहून, पुढच्या महिन्याच्या दोन तारखेची. बाबा पण येतायत. मोतीबिंदूच्या डोळ्यात थेंब घालायचे आता संपलेत. स्वयंपाकघरात मी तुला काही विचारणार नाही, फक्त कुकरची शिट्टी कुठे असते तेवढं दाखव. रात्री बाहेरच्या खोलीत झोपेन. तुला जाग आली तर उठून यायची गरज नाही, तिथूनच हाक मार.

बत्तिसाव्या आठवड्याची तारीख कळव. रिपोर्टचा फोटो पाठवशील तो सरळ काढ, मागच्या वेळी अर्ध्यावर तुझ्या अंगठ्याची सावली होती आणि बाबा दोन तास ते भिंगातून वाचत होते. आणि आकडे जे असतील ते, बरे वाईट, तूच सांग. ओंकारकडून नको.

अमेय विचारतोय की खात्याचा पासवर्ड बदलायचा का, म्हणजे तुझं तू स्वतंत्र. तुला हवं असेल तर बदला. मला चालेल. बाबांना मात्र नवीन चित्र दाबायला शिकवावं लागेल, त्याला वेळ लागेल.

तुझी
आई

ता. क. बाबा विचारतायत, तिकडे तुमच्या टीव्हीवर मराठी बातम्या लागतात का. लागत नसतील तर आधीच कळव. नाहीतर ते चौथ्या दिवशी परतीचं तिकीट काढतील आणि मलाही ओढून आणतील.